वाचकांचे प्रश्न : भूक लागण्याआधी ठरणारी निवड

इंदूर शहरातल्या बदलत्या खाण्यापिण्याविषयी आम्ही गेल्या अंकात पत्रे मागवली होती. आलेल्या पत्रांत सराफ्यातल्या रात्रीच्या खाण्याच्या बाजाराच्या आठवणी होत्या आणि छप्पन दुकान या खाद्यपदार्थांच्या गल्लीच्या नव्या रूपाविषयी मते होती, परंतु सर्वाधिक विचारणा झाली ती विजयनगरापासून महात्मा गांधी मार्गापर्यंत दिसणाऱ्या बर्गर-पिझ्झाच्या साखळी दुकानांविषयी. ही दुकाने आपले लक्ष इतक्या सहज कशी वेधून घेतात, असा त्या पत्रांचा सूर होता. त्यांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. हे अन्न प्रकृतीला मानवते की नाही, हे डॉक्टरांनी सांगावे. येथे केवळ त्याच्या विक्रीचा आणि जाहिरातीचा विचार केला आहे.

माझा नातू चार वर्षांचा आहे. त्याला अजून अक्षरे वाचता येत नाहीत, पण गाडीतून जाताना पिवळी कमान दुरून दिसली तरी तो दुकानाचे नाव घेऊन हट्ट धरतो. घरात कोणीही त्याला हे शिकवलेले नाही. असे कसे होते आणि आजी म्हणून मी काय करावे?
— एक वाचक, टिळकनगर

घरात कोणी शिकवले नाही हे खरे, परंतु ते चिन्ह स्वतःच शिकवण्याचे काम करते आणि त्यासाठीच ते घडवले गेले. रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड या बंधूंनी १९४० मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे आपले दुकान काढले आणि १९४८ मध्ये स्वयंपाकघराची सगळी मांडणी बदलून मोजकेच पदार्थ अतिशय झटपट देण्याची पद्धत बसवली. पुढे शाखा काढण्याची वेळ आली, तेव्हा त्यांना अशी इमारत हवी होती की जी भरधाव मोटारीतून जाणाऱ्या माणसाच्याही नजरेत भरेल. स्टॅनली मेस्टन या वास्तुविशारदाच्या आराखड्यात इमारतीच्या दोन्ही अंगांना उंच पिवळ्या कमानी आल्या आणि १९५३ मध्ये ॲरिझोनातील फीनिक्स येथे या कमानींचे पहिले दुकान सुरू झाले. एका विशिष्ट कोनातून पाहिले की त्या दोन कमानी मिळून इंग्रजी ‘एम’ दिसत असे, आणि १९६२ मध्ये त्याच आकारातून बोधचिन्ह तयार झाले. रस्त्यावरून ओळखता यावा म्हणून जन्मलेला हा आकार आपला नातू रस्त्यावरूनच ओळखतो आहे. त्यासाठी त्याला वाचता येण्याची गरज नाही. तोच आकार आणि तोच रंग पेल्यावर, पिशवीवर, कागदी रुमालावर आणि मोबाईलच्या पडद्यावर पुन्हा पुन्हा दिसत राहिला की तो मनात पक्का बसतो.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जाणीवपूर्वक केली जाते, ती म्हणजे खेळणे. याच कंपनीने १९७९ मध्ये अमेरिकेत मुलांसाठी खेळण्यासह जेवणाचा खास डबा सर्वत्र विक्रीला आणला. ही खेळणी बहुधा संचातली असतात. एक मिळाले की उरलेली हवीशी वाटतात, आणि ती मिळवायची तर पुन्हा तेथेच जावे लागते. मूल पैसे देत नाही, पण कुटुंबाने कोठे जायचे हे पुष्कळदा तेच ठरवते आणि त्याच्याबरोबर चार मोठी माणसे येतात. हा हिशेब व्यापाराच्या दृष्टीने अचूक आहे आणि म्हणूनच मला तो अधिक खटकतो, कारण ज्याला जाहिरात म्हणजे काय हेच कळत नाही अशा जिवाला येथे मध्यस्थ केले जाते.

वेष्टनाचा परिणाम जिभेपर्यंत पोहोचतो, हे दाखवणारा एक अभ्यास स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांच्या ६३ मुलांना एकाच पदार्थाचे दोन घास देण्यात आले. एक साध्या कागदात होता आणि दुसरा मॅकडोनाल्डच्या कागदात. दोन्ही घास सारखेच असूनही मुलांचा कल ब्रँडच्या वेष्टनातला घास अधिक चवदार ठरवण्याकडे होता आणि गाजराच्या बाबतीतही तेच घडले, जरी त्या दुकानात त्या काळी तशी गाजरे विकलीही जात नव्हती. ज्या मुलांच्या घरी दूरचित्रवाणी संच अधिक होते, त्यांच्यात हा कल जास्त ठळक होता.

कायद्याने याला आवर घालण्याचे प्रयत्न झाले आहेत. सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१० मध्ये असा नियम केला की पोषणाचे ठरावीक निकष न पाळणाऱ्या जेवणाबरोबर खेळणे फुकट देता येणार नाही. नियम लागू झाल्यावर कंपनीने खेळण्याचे दहा सेंट वेगळे आकारायला सुरुवात केली आणि विक्री चालूच राहिली. आपल्याकडे अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार चरबी, मीठ किंवा साखर अधिक असलेल्या पदार्थांची विक्री आणि जाहिरात शाळेच्या आवारात, तसेच शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत करता येत नाही. २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी मुलांच्या कार्यक्रमांत आणि मुलांच्या वाहिन्यांवर अशा पदार्थांच्या जाहिराती दाखवण्यास मनाई केली. परंतु आपला नातू आजोबांच्या मोबाईलवर जे पाहतो, ते कोणत्या वाहिनीचे आणि कोणासाठी बनवलेले, हे ठरवणार कोण? तेथे घरातल्या माणसांचीच नजर उपयोगी पडते.

आपण काय करावे, याविषयी तीन गोष्टी सुचवतो. त्या दुकानातले खाणे शहाणपणाचे बक्षीस किंवा रडे थांबवण्याचा उपाय म्हणून कधीही देऊ नये, कारण त्यामुळे जाहिरातीने अर्धवट सोडलेले काम घरातच पूर्ण होते. कधी आणलेच तर पदार्थ खोक्यातून काढून घरच्या ताटलीत, घरच्या जेवणाबरोबर वाढावा. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: त्याच्या मनात दुसऱ्या खुणाही असू द्याव्यात. थंडीत गराडूचा कंद तळण्याचा आवाज, सराफ्यातल्या भुट्ट्याच्या किसाची वाफ, रविवारी सकाळी आजीबरोबर जाऊन खाल्लेले पोहे-जिलबी आणि पोह्यांवर भुरभुरलेला जिरावण मसाला, हे सारे चार वर्षांच्या मुलाला कमानीइतकेच पक्के लक्षात राहते. फक्त त्याला तेथे कोणीतरी पुन्हा पुन्हा नेले पाहिजे.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. लाल आणि पिवळ्या रंगामुळे भूक वाढते, म्हणून फास्ट फूडच्या पाट्या त्या रंगांच्या असतात, असे आम्हाला सांगितले गेले. हे सिद्ध झालेले आहे का?
— एक विद्यार्थिनी, भंवरकुआँ

हे विधान जितक्या ठामपणे सांगितले जाते, तितका ठाम आधार त्याला नाही. लाल आणि पिवळा हे दुरून उठून दिसणारे आणि एकमेकांशेजारी स्पष्ट दिसणारे रंग आहेत, एवढे निश्चित म्हणता येते. रंग भूक निर्माण करतो म्हणण्यापेक्षा, त्या रंगाशी जोडलेली आठवण भुकेला दिशा देते, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. याला आधार कंपन्यांच्याच वागण्यात सापडतो. मॅकडोनाल्डने २००९ मध्ये जर्मनीत आपल्या पाटीवरील लाल रंगाची जागा गडद हिरव्याला दिली, कारण तेथील ग्राहकांपुढे पर्यावरणाची काळजी घेणारी कंपनी म्हणून उभे राहायचे होते. भूक रंगावरच अवलंबून असती, तर हा बदल कोणी केला नसता. सबवेचा रंग हिरवा-पिवळा आहे आणि डॉमिनोजच्या चिन्हात निळा आहे. बर्गर किंगने २०२१ मध्ये आपल्या चिन्हातला निळा काढून टाकला आणि जुन्या काळच्या चिन्हासारखे, पावाच्या दोन तुकड्यांमध्ये नाव असलेले साधे चिन्ह पुन्हा घेतले. मोबाईलच्या लहानशा पडद्यावरही ते स्पष्ट दिसते. रंग कोणताही असो, तो आपला म्हणून ओळखला जावा आणि वर्षानुवर्षे सारखाच राहावा, हे मात्र कोणतीच कंपनी सोडत नाही. आपल्या प्रकल्पात हा मुद्दा जरूर मांडावा.

आम्ही दोघे आणि दोन मुले महिन्यातून एखाद्या वेळी बाहेर खातो. स्वस्त बर्गरची जाहिरात पाहून जातो आणि बिल मात्र दरवेळी ठरवल्यापेक्षा बरेच जास्त होते. आमचे नेमके कोठे चुकते?
— एक वाचक, सुदामानगर

आपले काही चुकत नाही. दुकानाची मांडणी ज्यासाठी केलेली असते ते घडते. पण ती मांडणी समजून घेतली, तर बिलावर ताबा राहतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

स्वस्त पदार्थ हा दार उघडण्यासाठी असतो. मॅकडोनाल्डने भारतात २००४ मध्ये २० रुपयांपासूनच्या पदार्थांची यादी आणली, तेव्हा तोपर्यंत अशा दुकानात पाऊल ठेवायला बिचकणारी मध्यमवर्गीय कुटुंबे आणि महाविद्यालयीन मुले आत येऊ लागली. एवढ्या किमतीत फारसे काही उरत नाही, पण आत आलेला ग्राहक क्वचितच तेवढेच घेऊन बाहेर पडतो. त्याला तहान लागते, मुलांना बटाट्याचे फ्राईज दिसतात, शेजारच्या टेबलावर आइस्क्रीम असते. पेय आणि फ्राईज यांवरचा नफा मोठा असतो, आणि म्हणूनच विक्रीची सगळी धडपड तिकडे वळवण्यासाठी चाललेली असते.

त्यासाठी पहिले साधन म्हणजे कॉम्बो. सुटे पदार्थ वेगवेगळे घेतल्यास होणारी रक्कम वर, आणि कॉम्बोची रक्कम तिच्या खाली लिहिलेली असते. आपण त्या दोन रकमांची तुलना करतो आणि ‘वाचलेले’ पैसे मोजतो. वास्तविक तुलना करायला हवी ती कॉम्बोची रक्कम आणि आपल्याला खरोखर हवा असलेला एकच पदार्थ यांच्यात.

दुसरे साधन आकाराचे आहे. समजा, फ्राईजचा लहान पुडा ८० रुपयांना, मधला १२५ ला आणि मोठा १४० ला आहे. केवळ लहान आणि मोठा असे दोनच पुडे असते, तर बहुतेकांनी लहान घेतला असता. मधला पुडा समोर आला की ‘आणखी पंधरा रुपयांत मोठाच मिळतो’ असा विचार सुरू होतो. मधला फारसा विकला गेला नाही तरी चालते, त्याचे काम मोठ्याला स्वस्त भासवण्याचे आहे. ह्यूबर, पेन आणि प्यूटो या संशोधकांनी १९८२ मध्ये या परिणामाची शास्त्रीय मांडणी केली. मोठ्या आकाराची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. डेव्हिड वॉलरस्टीन हे अमेरिकेत चित्रपटगृहांच्या व्यवसायात असताना त्यांच्या लक्षात आले होते की प्रेक्षक लाह्यांचा दुसरा पुडा घ्यायला संकोचतात, कारण त्यांना खादाड दिसण्याची लाज वाटते, पण पुडाच मोठा केला तर आनंदाने जास्त पैसे देतात. पुढे ते मॅकडोनाल्डच्या संचालक मंडळावर गेले आणि फ्राईजच्या मोठ्या पुड्याचा आग्रह त्यांनीच धरला. ही वाढ पुढे इतकी झाली की २००४ मध्ये त्या कंपनीला अमेरिकेतील अतिमोठा आकार बंद करण्याची घोषणा करावी लागली.

तिसरे साधन आता आपल्या खिशात आहे. दुकानातल्या पडद्यावर ऑर्डर देताना ‘चीज वाढवू का’, ‘गोड काही घेणार का’ असे प्रश्न एकामागून एक येतात, आणि काउंटरवरच्या माणसाला नकार देताना जसा विचार करावा लागतो तसा होकाराचे बटण दाबताना करावा लागत नाही. मोबाईलवरील ॲप तर दुकान बंद असतानाही बोलत राहते. ॲपला कंपन्या किती महत्त्व देतात, हे बर्गर किंगने डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेत केलेल्या एका मोहिमेवरून कळते. ग्राहक मॅकडोनाल्डच्या दुकानापासून सुमारे ६०० फुटांच्या आत असेल आणि तेथून बर्गर किंगच्या ॲपवर मागणी नोंदवील, तर त्याला त्यांचा प्रमुख बर्गर एका सेंटला मिळत असे. एका सेंटला बर्गर विकून कोणाचे भले होत नाही. परंतु त्या बदल्यात ॲप ग्राहकाच्या मोबाईलमध्ये शिरले, आणि कोण कधी काय खातो याची नोंद मिळू लागली, ही कमाई त्यांना अधिक मोलाची वाटली.

‘फक्त दहा मिनिटे उरली’ असे खोटे घड्याळ दाखवणे, न विचारता देणगी किंवा एखादी वस्तू बिलात घालणे, किंमत टप्प्याटप्प्याने वाढवत शेवटी खरी रक्कम दाखवणे, नको म्हणणाऱ्याला लाज वाटेल अशी वाक्ये वापरणे, अशा १३ क्लृप्त्या केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत नोंदवून त्यांना मनाई केली आहे. पैसे भरण्यापूर्वी बिलाची प्रत्येक ओळ वाचण्याची सवय मुलांनाही लावावी. त्यांना त्यात गंमत वाटते आणि हिशेबही समजतो.

एक अधिकार पुष्कळांना ठाऊक नसतो. ज्या साखळीची दुकाने दहा किंवा त्याहून अधिक ठिकाणी आहेत, तिने पदार्थांच्या यादीत प्रत्येक पदार्थाच्या उष्मांकाची नोंद देणे नियमाने बंधनकारक आहे. प्रौढ माणसाला दिवसाकाठी साधारण २००० किलोकॅलरी लागतात, ही तुलनाही तेथे द्यावी लागते. किंमत मोठ्या अक्षरांत आणि हा आकडा बारीक अक्षरांत असतो, म्हणून तो शोधून वाचावा लागतो. माझा सल्ला एवढाच की काय घ्यायचे ते घरून निघतानाच चौघांनी मिळून ठरवावे आणि ॲपच्या सूचना मोबाईलवर बंद ठेवाव्यात. दुकानाच्या आत गेल्यावर, भूक लागलेली असताना आणि मागे रांग उभी असताना, शांतपणे निवड करणे कोणालाही कठीण जाते.

परदेशी कंपन्या आपल्याकडे आल्यावर आलू टिक्की विकू लागल्या, नवरात्रात उपवासाचा विचार करू लागल्या. यात आपल्या संस्कृतीविषयी आदर आहे, की ही केवळ विक्रीची युक्ती आहे?
— एक निवृत्त प्राध्यापक, रामबाग

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, पण सुरुवात व्यापाराच्या गरजेतून झाली हे कालक्रम पाहिल्यावर स्पष्ट होते. केएफसीने १९९५ मध्ये बंगळुरू येथे आपले पहिले भारतीय दुकान उघडले आणि त्याला शेतकरी संघटनेच्या तीव्र विरोधाला तोंड द्यावे लागले. ऑक्टोबर १९९६ मध्ये दिल्लीतील वसंत विहारमध्ये मॅकडोनाल्डचे पहिले दुकान सुरू झाले, तेव्हा त्या कंपनीने आपल्या जगप्रसिद्ध गोमांसाच्या बर्गरला येथे पूर्ण फाटा दिला होता. गोमांस आणि डुकराचे मांस वर्ज्य केले, शाकाहारी पदार्थांचे स्वयंपाकघर वेगळे ठेवले आणि अंडे नसलेले मेयॉनीज तयार करवून घेतले. प्रमुख बर्गरला ‘महाराजा’ असे नाव देऊन त्यात आधी मेंढीचे आणि नंतर कोंबडीचे मांस घातले. बर्गर किंग २०१४ मध्ये आले ते हा सगळा अनुभव समोर ठेवूनच.

येथील ग्राहकाने आपली ताकद दाखवली, म्हणून जगभर एकच चव विकणाऱ्यांना येथे वाकावे लागले, असे मी याचे वाचन करतो आणि त्यात आनंद मानतो. काळजी वाटते ती दुसऱ्या बाजूची. सण, उपवास, बहीण-भावाचे नाते, परीक्षेतले यश, या सगळ्यांना जाहिरातीत स्थान मिळाले की हळूहळू ते साजरे करण्याची जागाही दुकानच होऊन बसते. वाढदिवस घरच्या अंगणात, औक्षण करून, शेजारच्या मुलांना बोलावून होत असे. तो दुकानातल्या कागदी मुकुटापर्यंत आला, यात आदर कोणाला आणि किती मिळाला, याचा विचार आपल्यासारख्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांपुढे अवश्य मांडावा.

राजवाड्याजवळ आमचे साबुदाणा वडा, थालीपीठ, श्रीखंड असे मराठी पदार्थांचे छोटे दुकान आहे. वडिलांनी ते उभे केले. जवळच एका मोठ्या साखळीची शाखा उघडली आणि तरुण गिऱ्हाईक तिकडे वळले. आमच्याकडे जाहिरातीला पैसा नाही. आम्ही काय शिकावे?
— एक दुकानदार

आपले पत्र वाचून मनापासून लिहावेसे वाटले, कारण इंदूरमध्ये या प्रश्नाचे उत्तर रस्त्यावरच दिसते. सराफ्यात दिवसभर सोन्याचांदीचे व्यवहार चालतात आणि रात्री पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याचा बाजार भरतो. कोणत्याही जाहिरात संस्थेने न आखलेली ही जागा आणि वेळ आज शहराची ओळख आहे. छप्पन दुकानाची २०२० मध्ये नव्याने मांडणी झाली, वाहने बाहेर ठेवली गेली, बसायला जागा झाली, आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाने स्वच्छ खाद्यकेंद्र म्हणून त्याला मान्यता दिली. पदार्थ तेच राहिले. स्वच्छता, प्रकाश आणि चालायला मोकळी वाट यांमुळे तरुण मंडळी कुटुंबासह तेथे रमू लागली. साखळी दुकानांकडे ग्राहक वळतो त्यामागे पुष्कळदा चवीपेक्षा ही खात्रीच असते की बसायला स्वच्छ टेबल मिळेल, भाव लिहिलेला असेल आणि गेल्या खेपेला मिळाले तेच या खेपेला मिळेल.

तेव्हा शिकण्यासारखी पहिली गोष्ट सातत्याची आहे, आणि तिला जाहिरातीचा पैसा लागत नाही. वड्याचे वजन, तेलाचा ताप, चटणीतले दाण्याचे प्रमाण कागदावर उतरवून ठेवावे, म्हणजे वडील गल्ल्यावर नसतील त्या दिवशीही चव तीच राहील. दुसरी गोष्ट यादी आखूड ठेवण्याची. मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ मध्ये पदार्थ कमी केले, म्हणून त्यांना वेग आणि एकसारखी चव साधली. आपल्याकडे तीस पदार्थ असतील, तर ज्यांच्यासाठी लोक लांबून येतात अशा पाच-सहांना पाटीवर मोठे स्थान द्यावे आणि बाकीचे सणावाराला करावेत.

पाटीविषयी थोडे अधिक लिहितो, कारण येथे फार हेळसांड होते. एकाच दुकानाचे नाव पाटीवर एका अक्षरवळणात, पिशवीवर दुसऱ्या आणि डिलिव्हरीच्या ॲपवर तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेले आढळते. एक नाव, एक अक्षरवळण आणि दोन रंग ठरवून ते सगळीकडे सारखे वापरावेत. देवनागरीतली सुबक पाटी राजवाड्याच्या परिसरात शोभून दिसेल आणि गर्दीत वेगळी उठेल. शीतपेयाची कंपनी फुकट पाटी देते म्हणून तिच्या नावाखाली आपले नाव बारीक अक्षरांत लिहून घेऊ नये. त्या व्यवहारात आपल्या दुकानाची जागा तिच्या जाहिरातीसाठी जाते.

केएफसीच्या चिन्हावर ज्या पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांचा चेहरा आहे, ते हारलँड सँडर्स ही खरीखुरी व्यक्ती होती. त्यांच्या पाककृतीची पहिली शाखा १९५२ मध्ये सॉल्ट लेक सिटी येथे निघाली आणि १९८० मध्ये त्यांचे निधन झाल्यावरही कंपनीने त्यांचा चेहरा सोडला नाही. अन्न कोणीतरी ओळखीच्या माणसाने केले आहे, या भावनेसाठी एवढी मोठी कंपनी एका चित्राला जपते. आपल्या दुकानात तर तो माणूस प्रत्यक्ष बसलेला आहे. वडिलांनी दुकान कसे सुरू केले, थालीपिठाची भाजणी घरात कशी भाजली जाते, हे दोन-तीन वाक्यांत भिंतीवर लिहावे आणि मोबाईलवरच्या छोट्या चित्रफितीत वडिलांनाच बोलू द्यावे. पीठ थापणारे हात आणि तव्यावर सुटणारा खमंग वास हे आपले भांडवल आहे. तवा मागच्या खोलीत असेल तर तो पुढे, रस्त्यावरून दिसेल असा आणावा. जिलबीची कढई हलवायाने दुकानाच्या तोंडाशी ठेवण्याची रीत याच अनुभवातून आलेली आहे.

घेऊ नये असेही काही आहे. सवलतींच्या स्पर्धेत उतरू नये, कारण साखळी कंपनी एका शाखेचा तोटा दुसऱ्या शंभर शाखांवर पसरवू शकते आणि आपण तसे करू शकत नाही. पाळता येणार नाही असे वचनही देऊ नये. अर्ध्या तासात पिझ्झा न आल्यास सवलत किंवा फुकट, या हमीने डॉमिनोजचे नाव घरोघरी पोहोचले, परंतु घाईत वाहन चालवल्यामुळे झालेल्या अपघातांच्या खटल्यांनंतर १९९३ मध्ये अमेरिकेत तिला ती हमी मागे घ्यावी लागली. आपले वचन लहान आणि पाळण्याजोगे असावे: वडा समोर तळून मिळेल, श्रीखंड त्याच दिवशीच्या चक्क्याचे असेल.

नाव सुरक्षित करणे हे शेवटचे आणि तातडीचे काम. दुकान चालू लागले की त्याच नावाचे दुसरे दुकान पुढच्या चौकात उघडते, हा अनुभव शहरात अनेकांना आहे. उपाहारगृहाच्या सेवेसाठी ४३ व्या वर्गात व्यापारचिन्हाची नोंदणी करता येते. नोंदणी दहा वर्षे टिकते आणि पुढे नूतनीकरण करत राहता येते. भाजणी पाकिटात घालून विकणार असाल, तर ३० व्या वर्गाचाही विचार करावा. सांघिक ओळखीचे उदाहरण जवळच आहे. रतलामच्या शेवेला भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि त्यामुळे ते नाव त्या भागातील सर्व उत्पादकांच्या मालकीचे राहिले. इंदूरच्या मराठी खाद्यव्यावसायिकांनी एकत्र बसून आपल्या पदार्थांविषयी असा विचार करायला काहीच हरकत नाही.

जाहिरातीत दाखवलेला बर्गर भरगच्च असतो आणि हातात येतो तो चपटा. याविषयी तक्रार करता येते का?
— एक वाचक, राजेंद्रनगर

छायाचित्रासाठी पदार्थ विशेष काळजीने रचला जातो. भरण पुढच्या कडेला ओढून ठेवतात, भाजी कच्ची ठेवतात आणि प्रकाश नेमका पाडतात, त्यामुळे थोडा फरक असणारच आणि तेवढ्यावर तक्रार टिकणे कठीण आहे. परंतु जाहिरातीत सांगितलेला घटक पदार्थात नसेल, आकार किंवा नगसंख्या कमी असेल, अथवा जाहीर केलेल्या भावात पदार्थ देण्याचे दुकानाने टाळले असेल, तर ती दिशाभूल ठरू शकते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी दहा लाख आणि पुन्हा तसे घडल्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. आपण बिल, जाहिरातीचे चित्र आणि मिळालेल्या पदार्थाचे छायाचित्र तारखेसह जपून ठेवावे. प्रथम दुकानाच्या व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार द्यावी, दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर ती नोंदवावी. त्यानेही काम झाले नाही, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या प्रकरणात त्यासाठी शुल्क नाही आणि कंपनीचे मुख्यालय मुंबईत किंवा दिल्लीत असले तरी आपण राहता त्या इंदूर जिल्ह्यातच दावा दाखल करता येतो.